मूळ इंजिनावर टर्बो बसवताना: बूस्ट सुरक्षित ठेवण्याची क्रमवार पद्धत

टर्बोशिवाय कारखान्यातून आलेल्या पेट्रोल इंजिनावर टर्बो बसवायचा म्हटले की पहिला प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे किती बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला वातावरणापेक्षा जादा दाब) चालेल. या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, कारण ०.५ बार बूस्टवर एक इंजिन वर्षानुवर्षे चालते आणि अगदी तसेच दुसरे इंजिन पहिल्याच उन्हाळ्यात पिस्टन फोडून घेते. सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान, त्या हवेला मिळालेले इंधन आणि ठिणगी पडण्याची वेळ, या तीन गोष्टी ज्याने सांभाळल्या त्याचे इंजिन टिकते. बूस्टचा आकडा या तिन्हींनंतर ठरवायचा असतो आणि पुढील सारी मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

उदाहरण म्हणून २००० सालच्या आसपास भारतात आलेल्या होंडा सिटीचे १.५ व्हीटेक इंजिन घेऊ. चार सिलिंडर, ७५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ८४.५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि १,४९३ सीसी क्षमतेचे हे डी मालिकेतील इंजिन हौशी मंडळींच्या विशेष आवडीचे आहे, आणि त्याच्या मर्यादाही चांगल्या ओळखीच्या आहेत. आकडे या इंजिनाचे असले तरी पद्धत कोणत्याही मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल इंजिनाला लागू पडते.

कामाला हात घालण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. विमा कंपनीही अशा बदलानंतरचा दावा नाकारू शकते. त्यामुळे खाली वर्णन केलेली गाडी ही ट्रॅकसाठी आणि बंदिस्त जागेतील शर्यतींसाठी आहे असे गृहीत धरले आहे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ही अशा गाड्यांची योग्य जागा आहे, आणि महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झाल्या आहेत.

काय तुटते आणि का

नॉकिंग म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय पुढचे कोणतेही काम अर्थपूर्ण होत नाही. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत ज्वलनकक्षात क्रमाक्रमाने पसरते. तिच्या पुढे असलेले, अजून न जळलेले मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेमुळे इतके तापते की ज्योत पोहोचण्याआधीच ते एकदम पेटते आणि दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. पिस्टनच्या माथ्यावर उष्णता अडवणारा वायूचा जो पातळ थर असतो तो या लाटेने विस्कटतो, ॲल्युमिनियम भराभर तापते, आणि पहिल्या व दुसऱ्या रिंगच्या खाचांमधील पातळ भिंत तडकते. मूळ पिस्टन ओतीव असतात आणि त्यांच्यात ठिसूळपणा अधिक असतो, म्हणून ते वाकण्याऐवजी तुटतात. निळा धूर, एका सिलिंडरचे पडलेले कॉम्प्रेशन आणि डिपस्टिकच्या नळीतून उडणारे ऑइल ही त्या तुटण्याची नेहमीची लक्षणे आहेत.

दुसरी मर्यादा रिंगच्या तोंडाची. रिंगच्या दोन टोकांमध्ये ठेवलेली फट नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या इंजिनासाठी ठरवलेली असते. जास्त उष्णतेत रिंग लांबते, टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये अडकते आणि तीच खाचेची भिंत वर ओढून तोडते. माफक बूस्टवर, थंड हवेत आणि योग्य इंधनावर ही फट पुरते. बूस्ट वाढवायचा असेल तर इंजिन उघडून वरची रिंग बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ०.००५ मिलिमीटर, म्हणजे ७५ मिलिमीटर बोअरला सुमारे ०.३७ मिलिमीटर फटीवर घासून घ्यावी लागते.

तिसरी मर्यादा कनेक्टिंग रॉडची. डी मालिकेतील पातळ रॉड ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. रॉडवरचा ताण दोन प्रकारचा असतो: आरपीएम वाढले की पिस्टनच्या वजनामुळे तो खेचला जातो, आणि हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, टॉर्क वाढला की तो दाबला जातो आणि मर्यादेपलीकडे गेल्यास वाकतो. टर्बोमुळे वाढतो तो दुसरा ताण. म्हणूनच मूळ इंजिनावर अश्वशक्तीपेक्षा टॉर्ककडे, त्यातही २,५०० ते ३,५०० आरपीएमच्या पट्ट्यातील टॉर्ककडे लक्ष द्यावे लागते. पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेल्या फियाट लिनियाचे उदाहरण बोलके आहे. १,३६८ सीसीच्याच क्षमतेत टर्बोविना तिची शक्ती ९० पीएस आणि टॉर्क ११५ न्यूटन-मीटर होता, तर टी-जेटमध्ये शक्ती ११४ पीएस झाली, पण टॉर्क थेट २०७ न्यूटन-मीटरवर गेला. शक्तीतील वाढ चतुर्थांशाच्या आसपास, टॉर्कमधील वाढ मात्र ८० टक्के. ज्या इंजिनाचे अंतर्भाग अशा टॉर्कसाठी घडवलेले नाहीत, त्यावर लवकर भरणारा छोटा टर्बो बसवून खालच्या आरपीएमला पूर्ण बूस्ट देणे हा रॉड वाकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आधी इंजिन तपासा

वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या इंजिनावर टर्बो बसवण्याचा निर्णय त्याची प्रकृती पाहूनच घ्यावा. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजावे. चार सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत असला पाहिजे. त्यानंतर लीक-डाउन चाचणी करावी, कारण कॉम्प्रेशनचा आकडा बरा दिसत असूनही गळती असू शकते. दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडल्यावर ती कुठून निसटते ते कानाने कळते: ऑइल भरण्याच्या तोंडातून आवाज आला तर रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. गळती १० टक्क्यांहून बरीच जास्त असेल तर टर्बोचा बेत बाजूला ठेवून आधी इंजिन बांधून घ्यावे. या टप्प्यावर थांबण्याचा निर्णय घेणारा माणूस पुढचा सारा खर्च वाचवतो.

टायमिंग बेल्टचे आयुष्य माहीत नसेल तर तो बदलावा. टॅपेटची फट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे थंड इंजिनावर लावावी, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घट्ट राहणार नाहीत याची विशेष काळजी घ्यावी. आपल्या बैठकीवर (सीटवर) पूर्ण न टेकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि बूस्टच्या उष्णतेत तो लवकर जळतो. रेडिएटरमधील क्षार, थकलेला थर्मोस्टॅट, ढिल्या क्लिपा, फुगलेले होज पाइप हे सारे याच वेळी मार्गी लावावे.

हवेची आकडेमोड

आता बूस्ट ठरवण्याकडे वळू. समुद्रसपाटीला ०.५ बार बूस्ट म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) वातावरणाच्या सुमारे दीडपट दाब. हवा दाबली की ती तापते. बाहेर ४० अंश सेल्सिअस असताना, ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) दीडपट दाबाने निघालेली हवा सुमारे ९५ अंशांवर पोहोचते. इतकी गरम हवा थेट इंजिनात गेली तर नॉकिंग टाळण्यासाठी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) इतके मागे घ्यावे लागते की टर्बोचा फायदाच उरत नाही. ७० टक्के उष्णता काढून घेणारा इंटरकूलर मध्ये आला की तीच हवा ५७ अंशांच्या आसपास येते. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हात यात आणखी भर पडते, त्यामुळे मूळ कॉम्प्रेशन कायम ठेवलेल्या इंजिनावर इंटरकूलरशिवाय टर्बो बसवण्याचा विचार मी कोणालाही सुचवणार नाही.

या इंजिनाला ६,५०० आरपीएमला, सिलिंडर भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरून, दीडपट दाबाची ५७ अंशांची हवा दिली तर दर मिनिटाला सुमारे ७ किलो हवा लागते. यातून क्रँकवर साधारण १५० अश्वशक्ती मिळते. मूळ इंजिनाच्या शंभराहून थोड्या अधिक अश्वशक्तीच्या तुलनेत ही भरघोस वाढ आहे, आणि रॉडचा विचार करता माझ्या मते इथेच थांबणे शहाणपणाचे आहे. टॉर्क १८० न्यूटन-मीटरच्या घरात ठेवावा. सुरुवात मात्र ०.३५ ते ०.४ बारने करावी. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरची स्प्रिंग याच दाबाची घ्यावी, म्हणजे बूस्ट कंट्रोलरचे काही बिघडले तरी बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर परत येतो.

टर्बो निवडताना हे ७ किलो प्रति मिनिट आणि दीडपट दाब ही जोडी कॉम्प्रेसरच्या नकाशावर (हवेचा प्रवाह आणि दाब दाखवणाऱ्या आलेखावर) मांडावी. बिंदू नकाशाच्या उजव्या कडेला गेला तर टर्बो फार लहान, डाव्या सर्ज रेषेला (जिच्यापलीकडे हवा उलटी धडकू लागते) चिकटला तर फार मोठा. पूर्ण बूस्ट ३,२०० ते ३,५०० आरपीएमच्या आधी न येणारा टर्बो रॉडच्या दृष्टीने चांगला. स्वस्तात मिळतो म्हणून भंगारातील डिझेल गाडीचा टर्बो आणून बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. डिझेलचे एक्झॉस्ट टर्बाइनपाशी (टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या भागापाशी) साधारण ८०० ते ८५० अंशांपर्यंत असते, तर पूर्ण जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचे ९५० अंशांच्या पुढे जाते. डिझेलसाठी निवडलेल्या धातूचे टर्बाइन घर या तापमानात तडकते, आणि हलत्या पात्यांचा टर्बो असेल तर पाती वाकून अडकतात. पात्यांचा कोन एकदा बंद बाजूला अडकला की बूस्ट आणि एक्झॉस्टचा उलटा दाब दोन्ही अनियंत्रित होतात.

या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे तोंड करून असतो. टर्बो बसल्यावर रेडिएटर आणि टर्बाइन यांच्यात फार कमी जागा उरते. पातळ पंखा, टर्बाइनवर उष्णतारोधक आवरण आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक वायरला व ब्रेकच्या नळीला ढाल या गोष्टी फिटिंगच्या दिवशीच व्हायला हव्यात.

इंधन

पेट्रोलच्या गणितात आता इथेनॉल धरावेच लागते. २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्वसाधारणपणे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, आणि ई२० ला सुमारे १३.५ पट. त्यामुळे जुन्या लेखांतील ‘बूस्टमध्ये ११.८ ठेवा’ असले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, लॅम्ब्डामध्ये, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचे प्रमाण, या भाषेत बोलावे. बूस्टखाली लॅम्ब्डा ०.७८ ते ०.८२ ठेवावा. ०.८० म्हणजे शुद्ध पेट्रोलवर ११.८ आणि ई२० वर १०.८.

७ किलो हवेला १०.८ ने भागले की मिनिटाला सुमारे ६५० ग्रॅम, म्हणजे ८६५ मिलिलिटरच्या आसपास इंधन लागते. चार इंजेक्टरमध्ये वाटल्यावर प्रत्येकी २१६ मिलिलिटर, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नसेल तर २७० सीसी प्रति मिनिट. त्यावर राखीव धरून ३३० ते ३६० सीसीचे इंजेक्टर घ्यावेत. बसवण्यापूर्वी चारही इंजेक्टर चाचणी यंत्रावर लावून त्यांचा प्रवाह मोजावा. एकाचा प्रवाह ८ टक्के कमी असला तरी तो सिलिंडर पातळ मिश्रणावर चालतो, आणि एक्झॉस्टमधील सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी दाखवत असल्याने हे पडद्यावर कळत नाही. असे इंजिन उघडले की तीन पिस्टन निरोगी आणि एक फुटलेला, असे चित्र दिसते.

इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक कायम राहणे तितकेच महत्त्वाचे. ज्या गाड्यांत प्रेशर रेग्युलेटर फ्युएल रेलवर असून त्याला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली असते, तिथे बूस्टबरोबर इंधनाचा दाबही वाढतो. फक्त ती नळी नवी असावी आणि दोन्ही टोकांना क्लिप असावी, कारण व्हॅक्यूमने चिकटून बसणारी नळी बूस्टने उडून जाते. ज्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो तिथे ३ बारचा दाब ०.५ बार बूस्टसमोर २.५ बारच उरतो आणि इंजेक्टरचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. हा फरक ट्यूनिंगमध्ये धरावा किंवा मॅनिफोल्डशी जोडलेला रेग्युलेटर बसवावा.

पंपाला तासाला ५२ लिटरहून अधिक इंधन बूस्टच्या वेळच्या दाबाला द्यावे लागेल. नव्या पंपाला हे जड नाही, पण जुन्या पंपाची आणि जुन्या वायरिंगची खात्री देता येत नाही. परतीची नळी मोजपात्रात सोडून, इंजिन बंद ठेवून, पूर्ण दाबाला एक मिनिट पंप चालवावा, १.३ लिटरपेक्षा कमी इंधन आले तर पंप बदलावा आणि त्याला बॅटरीपासून जाड वायर व स्वतंत्र रिले द्यावा. हे काम मोकळ्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे. त्या काळातील रबरी नळ्या ई२० साठी बनवलेल्या नसतात, त्यामुळे टाकीपासून रेलपर्यंतच्या सर्व लवचिक नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घालाव्यात.

इंडियन ऑइलने २०२० मध्ये आणलेले १०० ऑक्टेनचे पेट्रोल मोठ्या शहरांतील निवडक पंपांवर मिळते आणि ते नॉकिंगविरुद्ध मोठे संरक्षण देते. मात्र ट्यूनिंग त्या पेट्रोलवर करून परतीच्या वाटेवर महामार्गावरील साधे पेट्रोल भरणे धोक्याचे आहे. जे सर्वांत कमी ऑक्टेनचे इंधन टाकीत पडण्याची शक्यता आहे, त्यावरच इंधन आणि टायमिंगचे तक्ते बांधावेत.

ठिणगी, ऑइल आणि ब्रीदर

प्लग एक पायरी थंड घ्यावेत. एनजीकेच्या क्रमांकात मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, म्हणजे ६ च्या जागी ७; बॉशमध्ये हा क्रम उलटा आहे. प्लगची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणावी, कारण दाट हवेत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते आणि रुंद फटीवर इंजिन बूस्टमध्ये मिसिंग करते. जुन्या डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर आणि प्लगच्या वायर नव्या असाव्यात.

टर्बोला ऑइल देणारी नळी बारीक चालते, पण परतीची नळी आतून किमान १२ मिलिमीटर रुंद, सरळ खाली उतरणारी आणि ऑइल चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. टर्बोमधून ऑइल केवळ वजनाने खाली येते, त्यामुळे नळीत एक उलटा बाक असला तरी ऑइल साचते आणि सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जाते. नवा टर्बो धूर सोडतो म्हणून तो खराब ठरवून परत करणारे अनेक जण या एका नळीकडे पाहतच नाहीत. चेंबरला नळीचा जोड बसवताना चेंबर गाडीतून उतरवूनच वेल्डिंग करावे.

क्रँककेसच्या ब्रीदरकडेही लक्ष हवे. क्रँककेसमधील वाफ इनटेककडे नेणारा मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह मॅनिफोल्डला जोडलेला असतो. बूस्टमध्ये तो गळला तर दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलमधून बाहेर काढतो. तिथे एकाच दिशेने जाऊ देणारा मजबूत व्हॉल्व्ह बसवावा आणि हेड कव्हरची वाफ कॅच कॅनमधून (ऑइल अडवणाऱ्या डब्यातून) न्यावी. इनटेकमध्ये गेलेले ऑइल मिश्रणाचा ऑक्टेन कमी करते, म्हणजे ब्रीदरचे दुर्लक्ष शेवटी नॉकिंगच्याच रूपाने समोर येते.

ईसीयू आणि सेन्सर

मूळ ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) तक्त्यात वातावरणाच्या वरच्या दाबासाठी रकानाच नसतो. वाढीव दाबाचे इंधन रेग्युलेटर लावून किंवा सेन्सरचा सिग्नल फसवून काम भागवणाऱ्या जुन्या युक्त्यांनी इंधन कसेबसे मिळते, पण टायमिंगवर ताबा राहत नाही. स्वतंत्र प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू हा या कामाचा पाया आहे. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखे परवडणारे पर्यायही चार सिलिंडरच्या इंजिनाला पुरतात. त्याच्याबरोबर २.५ किंवा ३ बारचा मॅप (मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा) सेन्सर, इंटरकूलरच्या पुढे पाइपमध्ये बसवलेला जलद हवा-तापमान सेन्सर आणि टर्बाइनच्या खाली योग्य अंतरावर वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर हवा. तापमानाचा मूळ सेन्सर तापलेल्या मॅनिफोल्डचीच उष्णता दाखवतो, म्हणून त्याची जागा बदलणे महत्त्वाचे आहे.

नॉक सेन्सर ब्लॉकवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये घट्ट बसवावा. नॉकिंगच्या आवाजाची कंप्रता बोअरवर अवलंबून असते, आणि ७५ मिलिमीटर बोअरला ती ७.६ किलोहर्ट्‌झच्या आसपास येते. फिल्टर तिथे लावावा. सेन्सरच्या सिग्नलला हेडफोन जोडून ऐकण्याची सोय असेल तर ट्यूनिंग करणाऱ्याचा कान हे सर्वांत भरवशाचे साधन ठरते.

ट्यूनिंगचा क्रम

इंजिन सुरू झाल्यावर पहिले काम टायमिंग लाइटचे. ईसीयूच्या पडद्यावर १० अंश दिसत असतील तर पुलीवरच्या खुणेवरही १० अंशच दिसले पाहिजेत, आणि ३,००० आरपीएमलाही हे जुळले पाहिजे. ही तपासणी झाली नाही तर तक्त्यातील प्रत्येक आकडा खोटा ठरतो. त्यानंतर इनटेकच्या पाइपिंगला बाहेरून ०.५ बार हवा देऊन, जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी.

आयडल आणि हलक्या भाराचे तक्ते आधी पूर्ण करावेत. तिथे लॅम्ब्डा १ च्या जवळ असावा. मग गाडी डायनोवर (जागेवरच भार देऊन शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) न्यावी. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देत एका डोळ्याने लॅपटॉप पाहणे गाडीसाठी आणि रस्त्यावरच्या माणसांसाठी सारखेच धोक्याचे आहे, आणि डायनोचे भाडे एका पिस्टन संचापेक्षा नेहमीच कमी पडते. डायनोवर गाडीसमोर मोठा पंखा हवा, नाहीतर इंटरकूलर आपले काम करू शकत नाही.

बूस्टच्या भागात सुरुवातीला मुद्दाम जास्त इंधन आणि कमी टायमिंग ठेवावे. दर ०.०७ बार, म्हणजे साधारण एक पीएसआय बूस्टमागे एक अंश टायमिंग मागे, हा सुरुवातीचा जुना ठोकताळा चांगला आहे. समजा, पूर्ण थ्रॉटलला ५,००० आरपीएमवर टर्बोविना ३० अंश होते, तर ०.४ बारवर २४ अंशांऐवजी २० पासूनच सुरुवात करावी. आधी इंधन जागेवर आणावे, मग एकेक अंशाने टायमिंग पुढे करत टॉर्क पाहावा. अंश वाढवूनही टॉर्क वाढेनासा झाला की दोन अंश मागे येऊन थांबावे. नॉकिंगचा आवाज त्याआधीच आला तर तीन-चार अंश मागे यावे आणि त्या बिंदूच्या आजूबाजूचे रकानेही त्याप्रमाणे उतरवावेत. सर्वाधिक टॉर्कच्या आरपीएमला टायमिंग सर्वांत कमी आणि त्यापुढे थोडे वाढत जाणारे, असा तक्त्याचा आकार साधारण असतो.

प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर इंजिन थांबवून प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकचकीत बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. सेन्सरने काही दाखवले नसले तरी अशा वेळी काम थांबवावे, टायमिंग उतरवावे आणि कोणत्या सिलिंडरला हे झाले ते पाहून त्याचा इंजेक्टर पुन्हा तपासावा.

०.४ बारवर सारे स्थिर झाल्यावरच ०.५ बारकडे जावे. बूस्ट कंट्रोलरने ३,५०० आरपीएमच्या खाली बूस्ट कमी ठेवावा आणि पुढे हळूहळू चढू द्यावा. रेव्ह लिमिट मूळचीच ठेवावी. टर्बोने शक्ती मधल्या पट्ट्यात दिलेली असते, त्यामुळे जास्त आरपीएमचा मोह ठेवण्याचे कारण उरत नाही.

घाट, उष्णता आणि संरक्षणाच्या मर्यादा

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तिथे वातावरणाचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. वेस्टगेटची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते, म्हणून पुण्यात ०.५ बार बूस्टला मॅनिफोल्डमध्ये १.४५ बार दाब असतो आणि तीच गाडी खंडाळ्याचा घाट उतरून पनवेलला पोहोचली की १.५० बारच्या वर जातो. पुण्यात बांधलेले तक्ते इथे एक रकाना पुढे वापरले जातात. तो रकाना रिकामा किंवा अंदाजाने भरलेला असू नये. इंधन आणि टायमिंगचे तक्ते किमान १८० किलोपास्कलपर्यंत सुरक्षित आकड्यांनी भरावेत.

त्याचबरोबर १६५ किलोपास्कलवर इंधन तोडणारी मर्यादा लावावी. वेस्टगेटची नळी निघाली तर हीच मर्यादा इंजिन वाचवते. हवेचे तापमान ५० अंशांच्या वर गेले की दर पाच अंशांमागे एक अंश टायमिंग मागे, आणि ७० अंशांच्या वर बूस्ट स्प्रिंगवर, अशी सोय ईसीयूमध्ये करता येते. बूस्टमध्ये लॅम्ब्डा ०.८८ च्या वर अर्धा सेकंद टिकला तर इंजिनाने स्वतःहून शक्ती कमी करावी. ऑइलचा दाब आणि कूलंटचे तापमान यांनाही अशाच सीमा द्याव्यात.

मूळ क्लच वाढीव टॉर्कवर घसरू लागला तर तो बदलावा, आणि ब्रेक पॅड, डिस्क व टायर यांचा खर्च टर्बोच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळावेत, कारण तापून-थंडावून ते हमखास ढिले होतात. ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदलावे आणि जोरात चालवल्यानंतर इंजिन बंद करण्यापूर्वी एक-दोन मिनिटे आयडलला ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधील ऑइल जळून घट्ट होत नाही. ट्रॅकच्या प्रत्येक दिवसानंतर ईसीयूची नोंद उतरवून चार आकडे पाहावेत: सर्वाधिक दाब, त्या वेळचा लॅम्ब्डा, हवेचे तापमान आणि इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा होता. एप्रिलमध्ये ७५ टक्के असलेला इंजेक्टर त्याच बूस्टवर, त्याच लॅम्ब्डाला जूनमध्ये ८३ टक्के दाखवत असेल, तर फिल्टर तुंबतो आहे किंवा पंप थकतो आहे. पुढच्या दिवशी ट्रॅकवर जाण्याआधी इंधनाचा दाब मोजून घ्यावा.